भिंगावरचा निळा डाग

॥ श्री ॥
बडा गणपती, इंदूर
ता. ९ नोव्हेंबर १९५८

चि. दिवाकरास आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

भोपाळला पोचलास ते कळलं. माझ्या फोटूचं काय झालं? तुला थट्टा वाटते. पण तुझ्या आजोबांचा फोटूच नव्हता, म्हणून नाक जुळतं म्हणत त्यांच्या भावाचा, संताजीरावांचा, टांगला. इतकी वर्षं मी दिराला हार घालतेय. माझा म्हणशील तर एकच आहे, शामच्या मुंजीतला, जांभई देताना. मी गेले की तुझा काका श्रीकृष्ण तोच मोठा करून लावील. त्याला काही कळत नाही.

एक काम केलं ते सांगायचं राहिलं. फोटू काढायच्या सकाळी तू न्हाणीत होतास, तेव्हा तुझ्या जर्मन कॅमेऱ्याचं भिंग बघितलं. त्यावर निळा-जांभळा डाग, घासलेट सांडल्यासारखा. एवढी महागाची चीज आणि पुसायची अक्कल नाही. देवांच्या भांड्यांबरोबर चिंच-राख लावून लख्ख घासलं. उपकार मानू नकोस.

लोभ आहेच, पण त्याला अधूनमधून उत्तर लागतं.

तुझी आजी


भोपाळ, ता. १५ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी पाणी प्यालो. आजी, तो डाग नव्हता. समोरचा उजेड भिंगात सैरावैरा पसरू नये म्हणून कारखान्यातच चढवलेला लेप होता. जुना लेप फार नाजूक. मी नुसती फुंकर मारायचो. तू चिंच लावलीस.

म्हणूनच खिडकीपाशी काढलेला तुझा फोटो धुकट आलाय आणि डोक्यामागे वलय आहे. मला वाटलं, फिल्म धुताना मीच घोटाळा केला. सोबत पाठवतोय. ऑफिसात विचारतात, या कोण माताजी? त्यांनी तुला बोलताना ऐकलेलं नाही.

रागावलोय, पण थोडाच. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दिवाकर


इंदूर, ता. २१ नोव्हेंबर

चि. दिवाकरास आशीर्वाद, वि. वि.

फोटू मिळाला. शेजारच्या सखुबाईनं बघितला आणि हात जोडले. परवाच तिला नळावरून चार गोष्टी सुनावल्या होत्या. श्रीकृष्ण म्हणतो, फ्रेम करू, आई एकदम देवी दिसते. मी म्हटलं, यात मी कुठे आहे? ना सुरकुती, ना चामखीळ, ना तो वाकडा दात. भिंतीवर दुसऱ्याचं तोंड एक आहे तेवढं पुरे. फोटू सखुबाईला देऊन टाकला. ती उदबत्ती लावते आणि नळावर मला पहिला नंबर देते.

आता कुणाचा तरी डागवाला कॅमेरा मागून आण. मी हात लावणार नाही. संताजीरावांच्या शेजारी खिळा मारून घेतलाय. सध्या त्यावर भाजीची थैली टांगते. ती कधी उतरवायची ते कळव, आणि फार लांबवू नकोस.

माया आहे तेवढीच आहे, वाढवून मागू नकोस.

तुझी, बिनवलयाची,
आजी