दादाची बंदूक आणि चिलीम

१५ ऑक्टो. १९६४, दसरा
दादाच्या अंगणात पूजा. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, ठासणीची बंदूक, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. बंदुकीशेजारी गांजाची चिलीम, तिलाही फूल! आमच्याकडे रात्री पिकाच्या जागलीला जाणारे सगळेच मांडतात, कुणाला काही वाटत नाही. यंदा नेमके जमादारसाहेब सोनं द्यायला आले. "हे काय?" तर आमचे बंधुराज हात जोडून, "जागलीचं हत्यारच हाये साहेब. हे नसन तं डोया लागते. मंग डुकरं काय माह्यासाठी थांबतीन?"
सगळे हसले, मीही. जाताना ज. सा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटील, नशा करणाऱ्याचं लायसन राहत नसतं. मला वर कळवावं लागेल."
भोळेपणालाही काही हद्द असते.

१९ ऑक्टो.
बंदूक ठाण्यात जमा. दादा मुकाट्यानं देऊन आला. आता चौकशी. गावचा पोलीस पाटील म्हणून जबाब माझाच व्हायचा. सख्खा भाऊ आहे म्हटलं, तर ज. सा. म्हणतात, मग तुम्हालाच जास्त माहीत. गांजा सवयीचा आहे की सणावारापुरता, एवढंच सांगायचं.
एवढंच!

२३ ऑक्टो.
नाल्याकडची ज्वारी डुकरांनी आडवी केली. दादा मचाणावर बसून डबा बडवतो, डुकरं ऐकतात कुठे. मला बघून ओरडला, "डुकराइले बी लायसन लागते काय रे?" हसू आलं नाही. सबंध वर्षाचं खाणं आहे ते.
मनात ठरवलं, सणावारापुरता म्हणून सांगायचं.

२४ ऑक्टो.
दुपारी वहिनी आल्या. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाल्या, पोळ्यानंतर एकदा तिन्हीसांजेला भाकर घेऊन गेल्या होत्या. ज्वारीत खसफस झाली म्हणून दादानं त्यांच्यावरच बंदूक रोखली. वहिनी शेताच्या धुऱ्यावरच मटकन बसल्या. जवळ येऊन बघितलं, तरी दादाला वहिनींना ओळखायला वेळ लागला. डोळे तारवटलेले.
"कोणाले सांगू नका भाऊजी. बंदूक गेली तं खाऊ काय?"
"मग मला कायले सांगितलं?"
वहिनी उठल्या. टोपली उचलून गेल्या.
मला दोघांचाही राग आला. भीतीही वाटली, खोटं कशाला लिहू.

२९ ऑक्टो.
दादानं चिलीम विहिरीत टाकली, सगळ्यांच्या देखत. "आता सांग म्हणा तुह्या साहेबाले." चांगलं वाटलं. पण तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही, वहिनींवर खेकसणं चालू. टिकेल का? आणि टिकलं तरी मी काय सांगू, चिलीम सुटली की सोडतो आहे?

२ नोव्हें.
घाटंजीच्या बाजारात दादा दिसला. गांजाच्या दुकानासमोर उभा होता. आत गेला नाही. मी तिथं होतो तोवर तरी नाही.

९ नोव्हें.
तालुक्याला चौकशी. दादा धुतलेलं धोतर नेसून आलेला, माझ्याशेजारीच उभा. साहेब तरुण, बोलायला सभ्य. मी घोकून गेलो होतो, पण सवयीचा का म्हणून त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "पाटील, यांच्या हातात बंदूक असताना तिन्हीसांजेला यांच्या शेतातून तुम्ही जाल?"
जाईन म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आवाज देऊन जाईन."
साहेबांनी लिहून घेतलं. निकाल कळवतो म्हणाले. कोणत्या बाजूनं धरलं, कळायला मार्ग नाही.
बाहेर आलो. दादा शांतपणे म्हणाला, "काहून रे, माह्या वावरात यायले तुले आवाज द्या लागते?"
बस येईपर्यंत आम्ही दोघं झाडाखाली उभे होतो.