मकनॅबच्या बकरीची सत्तेचाळीस पाने

मी, इनेस पेट्री, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मुलांच्या साप्ताहिकात चित्रकथा काढणे (आता निवृत्त), राहणार ब्रॉटी फेरी, डंडी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता व सकाळपासून एक थेंबही न घेता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. घर, सामान व बँकेतली शिल्लक मुलगी ऊना हिला. स्वयंपाकघराची भिंत ओली आहे. ती मी असतानाही ओलीच होती, तेव्हा माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

२. टाक, कुंचले व उतरते टेबल गावातल्या चित्रशाळेला. शाईच्या बाटल्या वाळून खडखडीत झाल्या आहेत, त्या फेकाव्यात.

३. साप्ताहिक छापणाऱ्या कंपनीला काहीही नाही. शेजाऱ्यांची धुणी खाणाऱ्या मकनॅबच्या बकरीची चित्रकथा मी तिच्यासाठी एकतीस वर्षे काढली. चित्रकाराचे नाव छापायचे नाही, असा तिथला नियम. नाव झाले की माणूस दुसरीकडे जातो ना! मी बकरीच्या दाढीत, गवतात सही लपवायचो. संपादक कॅल्डर भिंग घेऊन ती हुडकायचे आणि पांढरा रंग फासायचे. "पेट्री, बकरीला नाव आहे तेवढं पुरे. तुला कशाला हवंय?" मूळ पाने परत मागितली, तर ती तळघरात गळक्या नळाखाली पसरलेली निघाली. मला त्या इमारतीची किळस आली, ती अजून गेलेली नाही. कॅल्डरांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो, पण केवळ खात्री करून घ्यायला.

४. आता माझी स्वतःची घाण. १९५८ साली बर्फावर घसरून माझे उजवे मनगट मोडले. पुढचे अकरा महिने बकरी एफी स्ट्रॅकनने काढली. एरवी ती माझ्या चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरे लिहायची. छापण्याआधी तिचे प्रत्येक पान मी नजरेखालून घालावे म्हणून माझ्या घरी पाठवले जाई. पहिल्याच पानात कुंपणाच्या फळीवर बारीक अक्षरांत 'एफी' होते. मी डाव्या हाताने त्यावर पांढरा रंग फासला. मला कोणी सांगितले नव्हते. सत्तेचाळीस पाने, सत्तेचाळीस वेळा. कॅल्डर निदान नियमाने वागत होते. मी जळत होतो, कारण तिची बकरी माझ्या बकरीपेक्षा जिवंत होती.

५. नदीकाठच्या चित्रदालनात माझ्या निवडक वीस पानांचे प्रदर्शन भरते आहे. त्यांतली सतरा एफीची आहेत. खाली पाटी आहे, 'इथे पेट्री खऱ्या अर्थाने बहरला.' ती वाचली आणि तरीही मी पाने निवडणाऱ्या गृहस्थांचे आभार मानले.

मागच्या महिन्यात मी एफीकडे गेलो. तिने चहा आणि मटणाचा खिमा भरलेली पेस्ट्री पुढे ठेवली.

"एफी, मृत्युपत्रात तुझं नाव लिहितोय. सगळं खरं सांगून टाकतो."

"म्हणजे तू मेल्यावर होय? वा रे शहाण्या! मी सत्त्याहत्तरची आहे, इनेस. मीच आधी गेले तर? उद्घाटनाला माईक असेल ना तुझ्यापुढं? तिथं बोल की."

"बोलतो," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली आणि माझ्या ताटलीतली उरलेली पेस्ट्री कुत्र्याला घातली.

६. ऊनाने कलम ४ व ५ शब्दही न गाळता गावच्या वर्तमानपत्रात छापून आणावे आणि त्या सतरा पानांखाली एफी स्ट्रॅकन हे नाव लागेपर्यंत घर विकू नये. पोरी, तुला लाज वाटेल. बापाच्या प्रदर्शनाला घालायला तू नवी हॅट घेतली आहेस, हे मला ठाऊक आहे.

७. उद्घाटन परवा, शनिवारी आहे. मी स्वतःला पुरता ओळखतो. मी जाईन, फीत कापीन, टाळ्या घेईन, माईकपुढे हवेबद्दल दोन शब्द बोलेन आणि घरी येईन. एफी पहिल्या रांगेत बसणार आहे. म्हणून हे आज, गुरुवारीच, लिहून मोकळा होतो आहे.

स्थळ : ब्रॉटी फेरी
दिनांक : १५ ऑक्टोबर १९८७

(सही) इनेस पेट्री

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार :
१. अ‍ॅलिक कारगिल, मासेविक्रेते
२. विल्मा डफ, शेजारीण