नळी धुण्याची मशीन

६ नोव्हेंबर १९८४

पुन्हा नळी तुंबली! ऐन जेवताना. घास हातातच राहिला, डोळे पांढरे व्हायची वेळ. सत्यवतीनं आतली नळी ओढून काढली तेव्हा कुठे श्वास आला.

गळ्याला भोक, भोकात चांदीची नळी, तिच्या आत दुसरी — हेच आता माझं नाक. बिडीनं कंठ खाल्ला, उरलेला डॉक्टरांनी काढून टाकला. संत्रा मार्केटात लिलाव पुकारायचो तेव्हा माझा आवाज या फाटकापासून त्या फाटकापर्यंत जायचा. आज बायकोला ‘पाणी दे’ म्हणता येत नाही. टाळी वाजवतो. कुत्र्याला बोलावल्यासारखी!

९ नोव्हेंबर

सत्यवती नळी उकळते, सोड्यात भिजवते, बारीक ब्रशनं घासते. सकाळ-संध्याकाळ. बोटांना चिरा पडल्यात. मी बघत बसतो. ब्रश मागितला तर म्हणते, “राहू द्या जी, तुमच्यानं वाकडी होईन ते.”

११ नोव्हेंबर

मेहुणा रुपराव आला. दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. “काहून घासत बसली वं ताई? आमच्या सायबाकडे मशीन आहे. पाण्यात टाकाचं, बटन दाबाचं. कानाले ऐकू न येणाऱ्या आवाजानं पाणी थरथरते अन् मैल सुटते.”

ऐकू न येणारा आवाज! मी पाटीवर लिहिलं — मग मलाच बसवा त्या पाण्यात. कोणी हसलं नाही.

१७ नोव्हेंबर

सदर बाजारात गेलो. दवाखान्याचं सामान विकणारं दुकान. एक मशीन परदेशी, पाणी स्वतःच तापवणारी — भाव ऐकूनच सत्यवतीनं पाऊल मागं घेतलं. दुसरी मुंबईच्या कारखान्यातली, जेवणाच्या डब्याएवढी. तापवत नाही, बटनही आपणच बंद करायचं.

दुकानदार सगळं तिलाच सांगत होता. वरून तिलाच विचारतो, “यायले ऐकू येते का?”

मी काउंटरवर मूठ आपटली. पाटीवर लिहिलं — नळी पूर्ण बुडते का? आतलं भांडं स्टीलचं का? चालवून दाखव!

पाटी त्यानं वाचलीच नाही. सत्यवतीनं वाचून दाखवली तेव्हा हलला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात धरली, बटन दाबलं. जराशानं तिची चाळणी झालेली! लहानच घेतली. पाणी तापवायला घरी चूल आहे.

१८ नोव्हेंबर

कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, नळी. किर्रर्र! ऐकू येत नाही म्हणे — भर दुपारी रातकिडे ओरडावेत तसं. नळीतून धुरासारखी घाण निघाली. सत्यवती बघतच राहिली. मग म्हणाली, “एवढंच?” आणि उठून गेली.

२६ नोव्हेंबर

नळी लखलखीत. तुंबणंही कमी. तिच्या बोटांच्या चिराही भरून आल्या.

पण घासताना ती बोलायची — लेकीच्या सासरचं, पारशिवनीच्या शेताचं. आता बटन दाबते अन् जाते. सुटली बिचारी. ‘थांब’ म्हणायला माझ्याजवळ आहे काय? टाळी?

३ डिसेंबर

दवाखान्यात कुसुमताई भेटल्या. माझ्यासारख्यांना बोलायला शिकवतात. “हवा गिळा, ढेकर द्या, ढेकरातच शब्द काढा.” केलं. म्हैस रेकल्यासारखा आवाज! दाराबाहेर सत्यवती बसली होती. ऐकलं असेल तिनं? घरी हे करणार नाही. मेलो तरी नाही.

५ डिसेंबर

मशीन किरकिरत असली की माझं बाहेर काही ऐकू जात नाही! दार लावलं. हवा गिळली. “आ” निघाला. शब्द नाही, नुसतं अक्षर. नळी धुऊन झाली तरी मशीन चालूच ठेवली.

११ डिसेंबर

काही नाही. पोट फुगतं, नुसता वारा निघतो. दाराबाहेरून सत्यवती — “अहो, किती वेळ चालवून राहिले? जळून जाईन ते!” काय सांगू तिला? सांगू कशानं?

१६ डिसेंबर

वीज नाही. मशीन बंद. मीही बंद.

२४ डिसेंबर

आज मशीन लावलीच नाही. दारही उघडं ठेवलं. लाज गिळली, हवा गिळली — “सत्ये.”

ती स्वयंपाकघरातून सवयीनं म्हणाली, “काय जी?”

मग हातातलं ताट पडल्याचा आवाज.