शेवट क्रेनने

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा दुसऱ्यांच्या पडेल पटकथा सावरून देणे, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवीत आहे. मोडले होते ते पायाचे हाड, डोके नव्हे, याची नोंद व्हावी.

१. माझा टाइपरायटर माझ्या माजी शिष्यास द्यावा. हे चिरंजीव हल्ली पटकथेचे वर्ग घेतात आणि "तिसाव्या पानावर वळण हवंच, प्राचीन ग्रीकांनीच सांगून ठेवलंय" असे खुशाल ठोकून देतात. ज्या ग्रीक पंडिताने नाटकावर ग्रंथ लिहिला, त्याने आरंभ, मध्य आणि शेवट एवढेच सांगितले. पाने मोजणारे हे दीडशहाणे नंतरचे. माझ्याकडची त्या ग्रंथाची प्रत शिष्यापुढे ठेवावी. हा नियम त्याने त्यात दाखवला, तरच टाइपरायटर जागचा हलवावा. "हे काय तिसावं पान" असला विनोद ग्राह्य धरू नये.

२. राहते घर मुलीच्या व जावयाच्या, दोघांच्या नावे. जावई शूटिंगची क्रेन चालवतो. जुन्या ग्रीक नाटकांत गुंता सुटेना झाला की क्रेनने देव खाली उतरवत. पंडिताला ते नापसंत. गुंता कथेतूनच सुटावा, असे तो म्हणे. जन्मभर मी निर्मात्यांपुढे हेच घोकले, आणि पोरीने लग्न केले ते क्रेनवाल्याशी! मी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

मग न्हाणीघरात माझा पाय घसरला. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. मुलीने नवऱ्याला क्रेनसकट बोलावले. कॅमेरामनच्या खुर्चीला बांधून मला चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडत असताना मी ओरडलो, "हा शेवट कच्चा आहे!"

खालून तो म्हणाला, "बाबा, आधी खाली तर या, मग सुधारू."

सगळी गल्ली हसली. त्याने मला इतके अलगद टेकवले की कळसुद्धा आली नाही. हा माणूस मला फार आवडतो. तोंडाने सांगणे जमत नाही, म्हणून कलमात घातले.

मी तत्त्व सोडले असे शिष्याने म्हणू नये. नाटकाबाहेर, पडदा पडल्यानंतर जे घडते, त्याला क्रेन चालते, ही सूट पंडितानेच दिली आहे. आणि मृत्युपत्र पडदा पडल्यावरच लागू होते.

३. म्हणून मला जिन्याने नेऊ नये. जावयाने क्रेनने उतरवावे. या वेळी मी ओरडणार नाही.

साक्षीदार:
समोरच्या दंतवैद्य बाई (सही)
तळमजल्याचा शिंपी (सही, "त्या दिवशी खुर्चीचा दोर मीच बांधला होता")

स्थळ: चौथा मजला, तीच खिडकी
दिनांक: बारा मार्च, प्लास्टर निघाले तो दिवस