आटणारा पट्टा

३ जानेवारी.
नवा संकल्प. ऑपरेशननंतर पोटावर आलेला स्टोमा, म्हणजे शौचासाठी केलेलं तोंड, त्यावरची पिशवी, सगळं आता मी एकटा सांभाळणार. स्टोमाभोवती थोडा फुगवटा आलाय. डॉक्टर हर्निया म्हणतात. त्यासाठी रुंद पट्टा दिलाय. सव्वीसला वर्गमित्रांचं गेट-टुगेदर. तिथं सातवीची कविता म्हणणार. उभा राहून, खड्या आवाजात, गुरुजी म्हणायचे तशी.

६ जानेवारी, सकाळ.
पट्टा पुरेना. परवापर्यंत पुरत होता. चादरीच्या कारखान्यात जन्म गेला. आटलेलं कापड मला हाताला कळतं. हेमावतीनं उकळत्या पाण्यात घातला असणार. विचारलं. अवो, तुमच्या पट्ट्याला मी हात तरी लावला का, म्हणाली. बायको इतकी शांत बोलली की काय ते समजावं.

९ जानेवारी.
नळाला पाणी. ओझं उचलू नका, असं दवाखान्यातली सिस्टर म्हणे. सिस्टरनं माझी कबड्डी पाहिलेली नाही. ही देवळात गेल्यावर बादल्या उचलून ड्रम भरला. संध्याकाळी पट्टा आणखी आटलेला!

१२ जानेवारी.
पट्टा काल कपाटात कुलूपबंद केला. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. कुलपातही आटला.

१७ जानेवारी.
सिस्टर अंकिताला फोन. तक्रार ऐकायची सोडून विचारते, काका, झोपून लावता ना? आधी पाठीवर पडा, फुगवटा आत बसू द्या, मग पट्टा. झोपून पट्टा कोण बांधतं? शाळेच्या कवायतीत आम्ही उभ्यानंच बांधायचो. घरात हीपण झोपूनच लावा म्हणते. दोघींचं संगनमत.

२१ जानेवारी.
तालीम. ही आतून कान देऊन ऐकते, असा संशय. शेवटच्या कडव्याला आवाज चढवला आणि पिशवीची कड सुटली. सदरा बदलला. पिशवीही आटली असावी.

२५ जानेवारी.
शाळेतला बाकावरचा जोडीदार चनमल्लप्पा आला. पोटाकडे बघून म्हणतो, शेंगाचटणीचा डबा बांधून हिंडतोस व्हय रे? याला कुणी सांगितलं?

२६ जानेवारी, सकाळ.
झब्ब्यातून फुगवटा दिसतो. जाणार नाही, असं जाहीर केलं. ही म्हणाली, आडवे व्हा. झालो. छताकडे बघत गुरुजी आठवले, शाळेची घंटा, खडूचा वास. फुगवटा हळूहळू बसला. हिनं पट्टा गुंडाळला. आरामात पुरला.

संध्याकाळ.
उभा राहिलो. दोन कडवी झकास. तिसरं आठवेना. मागच्या रांगेतून हिनं ओळ सांगितली. पुढचीही.
म्हणजे आतल्या खोलीतून माझी तालीम ऐकतच होती. तेवढा संशय खरा.
पट्टा आटला नव्हता.