सतरा नंबरचा मॅनिफोल्ड

प्रिय डॅडी,

ओहायोच्या गाड्यांच्या जुन्या पार्टच्या बाजारात सुखरूप पोचले. गुडघा कसा आहे?

एक सांगू? एकोणसत्तर सालची शर्यत जिंकलेल्या तुमच्या गाडीचा, इंजिनाला नळ्यांतून हवा पुरवणारा इनटेक मॅनिफोल्ड इथे सापडला! खाली आईच्या नेलपॉलिशने रंगवलेला सतरा आकडा तसाच आहे.

विकणारा म्हातारा वर्न म्हणाला, "पोरी, नळीत बोट घाल. शर्यतीच्या तपासनिसाचं बोट पोचायचं तिथवर खडबडीत, अगदी नियमाप्रमाणे. आता त्याच्या पुढे चाचपून बघ."

पुढे काचेसारखं गुळगुळीत, हाताने घासून रुंद केलेलं! म्हणजे हवा जास्त, वेग जास्त आणि नियम धाब्यावर!

आणि जेवताना आम्हाला सचोटीचे धडे! आईला ठाऊक होतं? रागावले नाही हो, फक्त सांगा, इतक्या आत घासलंत कशाने?

घेऊन येतेय. चषकाशेजारी जागा करा.

तुमच्यावर गेलेल्या लांब बोटांची,
लोरेटा