आईच्या खिडकीचं तावदान

१४ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार. तुम्हा सगळ्यांची खुशाली वहिनीकडून अधूनमधून कळते. माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, साखर ताब्यात आहे. चार वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही.

निवृत्त झाल्यावर एक नवं खूळ घेतलंय. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी रंगीत काचांचं मोझेक शिकवतात. शिकवणाऱ्या बाईंनी जन्मभर काचेच्या दुकानात काम केलंय. बोटांवर जुने वण आहेत. पहिल्या दिवशी मी काच कापायचं चाक असं काही दाबलं, की काच भलतीकडेच तडकली.

"जोर नको. हलक्या हातानं एकदाच रेघ ओढा, मग दोन्हीकडून धरून मोडा," बाई म्हणाल्या.

आठ तुकडे वाया गेले, नववा सरळ मोडला. तू असतास तर म्हणाला असतास, 'हिच्या हाती काच म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!'

आईच्या खोलीच्या खिडकीसाठी तावदान करायला घेतलं. तिला पलंगावरून दिसायचं तेच चित्र: कुंपणाची भिंत, सकाळचं पिवळं ऊन, आपलं फाटक. साध्या काचेवर एकेक तुकडा चिकटवण्यात दोन महिने गेले. मागच्या शनिवारी फटींत काळं सिमेंट भरलं, तर अख्खं चित्र चिखलात बुडाल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर मला रडूच फुटलं.

"अहो, पुसल्यावर येतं वर," म्हणत बाईंनी ओला स्पंज हातात दिला. मी पुसत गेले. फाटक दिसायला लागलं.

"हे उघडं का ठेवलंत?" त्यांनी सहज विचारलं.

दादा, त्या परक्या बाईला मी जे सांगितलं, ते आधी तुला सांगायला हवं होतं.

आई शेवटचे तीन दिवस त्या फाटकाकडे बघत होती. "त्याला कळवलंस का गं?" असं विचारायची. मी म्हणायची, "कळवलंय. निघालाय तो."

मी कळवलंच नव्हतं.

फोन हातात घ्यायची, ठेवून द्यायची. वर्षभर तिचं सगळं मी एकटीनं केलं, आणि तू दर रविवारी फोनवर 'काळजी घे' म्हणायचास. वाटायचं, आता शेवटाला येऊन हा चांगला ठरणार. अजून आठवडाभर तरी ती आहे, असंही वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण ती सबब झाली.

ती गेल्यावर तुला सांगितलं, अचानक झालं. वर चार माणसांत बोलले, "ती होती तेव्हा यायला वेळ नव्हता तुला!" तू मान खाली घालून ऐकून घेतलंस, आणि पुन्हा या घरात पाऊल टाकलं नाहीस.

तावदान परवा बसवलं. दोन तुकडे तिरके आहेत.

माफी मागायला तोंड नाही. पण तुझी एक गोष्ट मी चार वर्षं दाबून ठेवली आहे, ती तुझी तुला देते. आई तुझ्यावर रुसून गेली नाही. तू वाटेत आहेस, असंच समजून गेली. शेवटच्या सकाळी मला म्हणाली, "त्याला म्हणावं, गाडी सावकाश चालव. मी आहे."

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझी,
धाकटी